चालवून बघणारे बापूमामा

मामा, तुम्हाला जाऊन आज एकवीस दिवस झाले. या एकवीस दिवसांत संध्याकाळी सातला माझा फोन दोनदाच वाजला. एकदा गॅस सिलिंडरवाला होता आणि एकदा कुठलीशी बाई मोबाइलची नवी योजना सांगत होती. त्या बाईला मी इतकं बोलले की बिचारीनं सॉरी म्हणून फोन ठेवला. तुम्ही असता तर म्हणाला असता, "तिचं काय चुकलं गं त्यात?" काहीच चुकलं नव्हतं. सातची वेळ तुमची होती आणि ती त्या बाईनं घेतली, एवढंच.

तुमचा फोन कधी मिनिटभराच्या वर गेला नाही. "चाललीस का?" "चालले." "कुटवर?" "घाटापर्यंत." "पाय?" "नीट आहेत." "बरं. आज नीट, उद्या बगू. ठिवतो." पाच महिने रोज हेच. कधी मी वैतागून उत्तर द्यायची. दोनदा तर चालले नसताना चालले म्हणून सांगितलं. तुम्हाला ते आवाजावरून कळलं असणार, पण तुम्ही तसं कधी म्हणाला नाहीत.

तुमच्या दहाव्याला गावातले पुष्कळ लोक पुष्कळ बोलले. किती वर्षं मेंढरं राखली, कुणाकुणाच्या अडीनडीला धावून गेलात, दुष्काळात काय केलंत. सगळं खरं होतं आणि मला त्यातलं एकही वाक्य इथं लिहायचं नाही. मला तुमच्याशी भांडायचंय. आपली दोन भांडणं अर्ध्यात राहिलीत, आणि तिसरं तर तुम्ही मला सुरूच करू दिलं नाहीत.

श्रावणात माझा डावा डोळा दुखायला लागला होता. बुबुळ फिरवलं की आत खोल कळ यायची. मी हळदीच्या कारखान्यात येणाऱ्या मालाचे नमुने तपासते, या कामाची तुम्ही कायम चेष्टा करत आलात. "हळकुंड मोडून बगायचा पगार देत्यात व्हय सांगलीत?" देतात, मामा. हळकुंड मोडायचं, आतला रंग बघायचा, वास घ्यायचा आणि माल घ्यायचा की परत पाठवायचा ते सांगायचं. रंग बघताना उजवा डोळा मिटून घ्यायची माझी जुनी खोड आहे. त्या दिवशी सकाळपासून मी एकामागून एक नमुने नापास करत सुटले. सगळा माल फिका, बेसनासारखा. चौथ्या नमुन्याला आमचे शेठ उठून आले, त्यांनी स्वतः हळकुंड मोडलं आणि म्हणाले, "मॅडम, आज सगळ्या सांगलीची हळद आजारी आहे का?" मी डावा डोळा मिटून पाहिलं. हळकुंड तांबूस भगवं, एक नंबर. उजवा मिटला, परत बेसन. पंधरा वर्षं ज्या नजरेच्या जिवावर मी लोकांना खडसावत आले, तिचा अर्धा भाग मला खोटं सांगत होता. मी शेठना म्हटलं, हळद बरी आहे, मी आजारी आहे.

चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून गेले तर डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळ्यामागची शीर सुजलीय म्हणून मिरजेला पाठवलं. तिथं मेंदूचा एमआरआय झाला. रिपोर्ट इंग्रजीत, पाच-सहा ओळींचा. मेंदूत पांढरे डाग आहेत, शेवटी मल्टिपल स्क्लेरोसिस असं नाव आणि त्याच्या आधी 'शक्यता'. मी जिन्यातच उभी राहून ते नाव मोबाइलवर टाकलं आणि पहिल्याच पानावर चाकाची खुर्ची दिसली. मी मोबाइल पर्समध्ये टाकला, पुन्हा काढला, आणि तुम्हाला फोन लावला.

तुम्हालाच का, हे तुम्ही कधी विचारलं नाहीत. आई नाही, वडीलही गेले. माझे मिस्टर सैन्यात, त्या वेळी पार ईशान्येच्या डोंगरात. मुलगा साताऱ्याला वसतिगृहात, त्याची दहावी. मैत्रिणी आहेत, पण मैत्रिणींना सांगितलं की त्या रडतात आणि मग आपल्यालाच त्यांची समजूत काढावी लागते. मला न रडणारा माणूस हवा होता. मी म्हटलं, "मामा, डोक्याचा फोटो काढलाय, त्यात डाग आलेत." तुम्ही विचारलंत, "कुटल्या अंगाला?"

आजवर ज्यांना ज्यांना सांगितलंय त्यांनी "अरे देवा" म्हटलंय, "कसं काय" म्हटलंय, "कुणाला दाखवलंस" म्हटलंय. डाग कुठल्या बाजूला आहेत हे एकट्या तुम्ही विचारलंत. मी सांगितलं, दोन्हीकडे आहेत. "चालताना एका बाजूला वढल्यावानी हुतंय का?" नाही होत, मामा. "बरं. सकाळच्या गाडीनं येतो." मला वाटलं, माणच्या माळावरचा हा माणूस, शाळेची पायरी न चढलेला, पण काय नेमकं विचारतो. मला तुमचा अभिमान वाटला. त्या प्रश्नामागं काय होतं ते मला पाच महिन्यांनी कळलं.

तुम्ही आलात ते बाजरीच्या भाकरी आणि लसणाची चटणी घेऊन. मी दवाखान्यात दाखल, हाताला सलाइन, तीन दिवस स्टेरॉइडचे डोस. पाठीतलं पाणीही काढून तपासायला गेलेलं. तुम्ही एमआरआयची फिल्म खिडकीत उजेडाला धरून कितीतरी वेळ बघत होता. "ही पांढरी ठिपकं म्हंजे पानी हाय का?" मी म्हटलं, पाणी नाही, सूज आहे. तुम्ही फिल्म घडी न पाडता पाकिटात घातलीत आणि माझ्या पलंगाच्या मागं येऊन उभे राहिलात. मग दोन्ही हातांनी माझं डोकं धरलंत आणि अंगठ्यानं हळूहळू दाबत गेलात, कानामागून वर, मग कपाळाकडून मागं, बोटबोटभर जागा सोडत, एकही कोपरा न चुकवता. मी डोळे मिटले. आई गेल्यापासून माझ्या डोक्याला असा कुणी हात लावला नव्हता. मी रडले थोडीशी, तुम्हाला दिसणार नाही अशी. त्या दुपारी मी आठवड्यात पहिल्यांदा गाढ झोपले.

मेंदूच्या डॉक्टरांनी मला खोलीबाहेरच्या लांब बोळात चालवलं. टाचेला बोट लावून, दोरीवरून चालावं तसं. तुम्ही भिंतीला टेकून बघत होता. चालून झालं तसे तुम्ही मला म्हणालात, "ह्यो डॉक्टर बरा हाय. चालवून बगतोय." जणू इतका वेळ तुम्ही त्यांनाच पास-नापास करत होता. मग डॉक्टरांनी आपल्याला बसवून समजावलं. विजेच्या वायरवर प्लास्टिक असतं तसं मेंदूतल्या शिरांवर आवरण असतं, ते आपलंच शरीर चुकून कुरतडतं, म्हणून तसे डाग दिसतात. पण एक झटका आला म्हणून लगेच त्याला मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणता येत नाही. पाठीतल्या पाण्यातूनही नक्की काही निघालेलं नाही. डोळा सुधारतोय. पाच-सहा महिन्यांनी परत एमआरआय करू, नवे डाग आले तर औषध सुरू करू, मधे काही वेगळं वाटलं तर लगेच या.

मी म्हटलं, "डॉक्टर, मला फक्त हो की नाही ते सांगा."

"आत्ता दोन्ही सांगता येत नाही. थांबू."

तेव्हा तुम्ही तोंड उघडलंत. "डाक्टरसायेब, ल्हानपणी कायतरी लागल्यालं असं आत ऱ्हातंय का, इतकी वर्सं?" डॉक्टर म्हणाले, कारण नक्की कुणालाच सांगता येत नाही, लहानपणी झालेल्या एखाद्या संसर्गाचाही थोडा हात असू शकतो असं म्हणतात. तुम्ही मान हलवलीत आणि आपल्या हातांकडे बघत बसलात. मी तेव्हा 'थांबू' या शब्दावर इतकी चिडलेली होते की तुमच्याकडे माझं लक्षच गेलं नाही.

पहिलं भांडण तिथंच, दवाखान्याच्या कँटीनमध्ये सुरू झालं. मी म्हटलं, "थांबू म्हणजे काय? मी हळद तपासते. माल घ्या किंवा परत पाठवा. थांबू असं मी कुणाला सांगितलं तर शेठ मला घरी बसवतील." तुम्ही बशीत चहा ओतत म्हणालात, "थांबू म्हनला म्हंजे सोडून दिलं न्हाई त्यानं. मी रोज सांजच्याला वाघरीच्या तोंडाला हुबा ऱ्हातो, ते काय मेंढरं मोजायला? मोजायला दत्ता हाय. मी पाय बगतो. एकेकाचा. आज नीट, उद्या बगू. उद्या परत आज नीट. असंच बगत बगत मेंढरू धा वर्सं जगतंय. नजर ठिवनं हेबी कामच हाय."

वाघर म्हणजे तुमची ती जाळीची कुंपणं, रात्री मेंढरं आत कोंडायची. तुमचा मुलगा दत्ता जाळी उचलून धरायचा, मेंढरं एकेक करून आत जायची आणि तुम्ही बाजूला काठी टेकून उभे. लहानपणी मला वाटायचं तुम्ही नुसते उभे आहात.

मी म्हटलं, "आवं मामा, मी मेंढरू न्हाई."

"मेंढरू असतीस तर ऐकलं तरी असतंस."

मला हसू आलं आणि हसू आल्याचा अजूनच राग आला. वाट बघण्याचं काम ज्याला करायचं नसतं तोच असं बोलतो, असं मी तुम्हाला म्हणाले. तुम्ही बशी तोंडाला लावलीत. भांडण तिथं थांबलं ते थांबलंच.

दवाखान्यातून घरी आल्यावर तुम्ही आणखी आठ दिवस राहिलात. रोज संध्याकाळी मला कृष्णेच्या घाटापर्यंत चालवत नेलंत. मी पुढं, तुम्ही मागं. रस्त्यावर स्कूटरवाले, रिक्षावाले, भेळेच्या गाड्या, आणि त्यातून माझ्यामागं चार पावलांवर फेटा बांधलेला, खांद्यावर घोंगडं टाकलेला माणूस. लोक वळून बघायचे. मी म्हटलं, "मामा, बरोबरीनं चला की. असं मागून काय येताय?" तुम्ही म्हणालात, "म्होरनं पाय दिसत न्हाईत." सांगलीच्या भर रस्त्यात मला तेव्हा लाज वाटली, खरं सांगते. आता त्या रस्त्यानं जाताना पाठ उघडी वाटते.

दुसरं भांडण मिस्टरांवरून. तुम्ही निघायच्या दिवशी म्हणालात, "जावयास्नी सांग." मी म्हटलं, ते तिकडं डोंगरात बंदूक घेऊन उभे आहेत, त्यांच्या डोक्याला हा ताप कशाला? नक्की काही कळलं की सांगेन. तुम्ही म्हणालात, "लपवल्यालं सडतंय, पोरी. सांगून टाक." फोनवरही दर आठ-पंधरा दिवसांनी "सांगितलंस का?" मी नाही म्हणायची आणि तुम्ही "बरं" म्हणायचात. मिस्टर फोन करायचे, जेवलीस का, डोळा कसा आहे. मी सांगायची, नंबर वाढलाय, नवा चष्मा केलाय. खोटा चष्मा करून घेतला असता तर तोही दाखवला असता मी त्यांना व्हिडिओवर.

आता तिसरं.

तुम्ही दुपारी जेवून लिंबाखाली आडवे झालात ते उठलाच नाहीत. दत्ताचा फोन आला, मी धावत आले, त्या गर्दीत मला काही दिसलं नाही. दहाव्याला आले तेव्हा मात्र अंगणात काहीतरी कमी आहे असं वाटत राहिलं. तुमची काठी होती, घोंगडं होतं, चाळीसेक मेंढरं होती. मग लक्षात आलं, मला बघून कुणी भुंकलं नाही. मी मामींना विचारलं, "भुऱ्या कुठंय?"

मामी भांडी घासत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "दिला की त्यो. तुज्या फोटूच्या वक्ताला."

"कुणाला दिला? का?"

"त्यास्नीच इचारायला पायजे हुतंस," मामी म्हणाल्या आणि मग हात थांबले. "तुला सांगू नगं म्हनले हुते. आता कुनाचं भ्या? सांगलीसनं आले ते गप गप. म्हनले, पोरीच्या डोस्क्यात पानी झालंय. डाक्टरनं सांगितलं, ल्हानपणी लागल्यालं असतंय म्हून. उन्हाळाभर माझ्या तळावर कुत्र्यांत लोळायची ती. माझ्यामुळं झालं. मी म्हनलं, आवं, मानसाला न्हाई हुत तसलं. ऐकलं न्हाई."

मी तिथंच धुण्याच्या दगडावर बसले. आणि मला एकदम आठवलं. मी नऊ-दहा वर्षांची असेन. मे महिन्यात तुमचा तळ वाळव्याच्या बाजूला कुणाच्या तरी रिकाम्या रानात होता. एक मेंढी एकाच बाजूला गोल गोल फिरायला लागली होती, चारा न खाता, माती तुडवत. तुम्ही तिला धरलंत, मांडीत दाबलंत आणि अंगठ्यानं तिचं डोकं चाचपत गेलात, बोटबोटभर जागा सोडत. "मेंदूत पान्याचा फोड झाला की वरचं हाड मऊ लागतंय," तुम्ही मला सांगितलं होतंत. "ज्या अंगाला फोड त्या अंगाला फिरतंय." पुढं जनावरांचे डॉक्टर आले आणि म्हणाले, हा रोग कुत्र्यांकडून मेंढरांत येतो, कुत्र्यांना जंताचं औषध देत जा. मी त्यांच्या शेजारी उभी होते. माझ्या मांडीवर भुऱ्याची पणजी की खापरपणजी, कोण जाणे, चार पिल्लांसकट होती.

कुटल्या अंगाला. एका बाजूला वढल्यावानी हुतंय का. ही ठिपकं म्हंजे पानी हाय का. आणि दवाखान्यात माझ्या डोक्यावरून फिरलेला तो अंगठा. मी त्याला माया समजले होते. तुम्ही माझ्या कवटीत मऊ जागा शोधत होता. ती माया नव्हती असं मी म्हणत नाही, मामा. पण तुमचे हात तेव्हा किती घाबरलेले होते ते मला कळलं नाही, आणि मी खुशाल झोपून गेले.

मामींनी पुढचं सांगितलं. भुऱ्याला मारवेना, हाकलवेना, म्हणून तुम्ही त्याला खटावातल्या एका मेंढपाळाला दिलंत. चौथ्या दिवशी तो चालत परत आला, पायांत काटे घेऊन. तुम्ही त्याचे काटे काढलेत, त्याला ताक-भाकरी घातलीत, आणि दुसऱ्या दिवशी टेम्पोत घालून स्वतः आटपाडीच्या पलीकडं सोडून आलात. त्या संध्याकाळी तुम्ही जेवला नाहीत. सातला मात्र मला फोन केलात. "चाललीस का?" मी काय उत्तर दिलं असेल त्या दिवशी? कदाचित वैतागून "चालले हो" म्हटलं असेल.

मला राग आला, तुमच्या दहाव्याच्या दिवशी, घरात पाहुणे बसलेले असताना. मला लपवू नको म्हणून पाच महिने शिकवत होता आणि स्वतः काय केलंत? मला एकदा, फक्त एकदा विचारायचं होतंत. मी एका वाक्यात उत्तर दिलं असतं. भुऱ्या अंगणात राहिला असता, तुम्ही दोन घास जास्त जेवला असता. तुम्ही मनात धरून बसलात की आपल्या भाचीला आपण रोग दिला, आणि ते ओझं घेऊन लिंबाखाली आडवे झालात. याला काय म्हणायचं, मामा? मला अजून तुमच्याशी यावर नीट भांडायचंय आणि समोर कुणी नाही.

त्याच दुपारी मी तुमच्या शाळूच्या बांधावर जाऊन मिस्टरांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. डाग, शक्यता, सलाइन, सगळं. ते म्हणाले, "पाच महिने मी तुला रोज विचारत होतो, वैशाली." मी म्हटलं, हो, चुकले. ते रागावले, मग म्हणाले, "मामांना माहीत होतं का?" माहीत होतं. "मग तू एकटी नव्हतीस. रजा टाकतो मी." फोन ठेवल्यावर मला इतकं हलकं वाटलं की मला माझाच राग आला. हे काम पाच मिनिटांचं होतं.

दुसऱ्या एमआरआयला तुम्ही येणार होता. ठरलेलं होतं. तुम्ही नाहीत म्हटल्यावर मला वाटलं, पुढं ढकलावं. मिस्टरांची रजा मंजूर व्हायला वेळ होता. मी मामींना फोनवर तसं म्हटलं तर मामी म्हणाल्या, "मी येती की." जन्मात सांगली न पाहिलेल्या मामी दत्ताबरोबर एसटीनं आल्या, हातात तुमची काठी. यंत्राच्या खोलीबाहेर बसून राहिल्या. मी आत त्या नळीत पडून तो ठकठकाट ऐकत होते आणि पहिल्या वेळेसारखी भीती वाटत नव्हती. वाटत होती, पण तिला एक जागा दिली होती मी. दारापाशी तुमची काठी होती.

डॉक्टरांनी दोन्ही फिल्मा शेजारी शेजारी लावल्या. जुने डाग आहेत तिथंच आहेत. त्यांतला एक फिका झालाय. नवा एकही नाही. त्यांनी मला बोळात चालवलं, मामी भिंतीला टेकून बघत उभ्या, अगदी तुमच्या जागी. मग डॉक्टर म्हणाले, "चांगलं आहे. पण नाव अजून देत नाही मी याला. परत सहा महिन्यांनी बघू." तेच उत्तर, तोच शब्द. मी वाट बघत होते की मला चीड येईल. मी फक्त "बरं" म्हटलं, तुम्ही म्हणायचात तसं.

उठता उठता मी विचारलं, "डॉक्टर, एक विचारते. हे डाग कुत्र्यांमुळं होतात का? लहानपणी कुत्र्यांत राहिलं म्हणून?" डॉक्टर हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. त्यांनी फिल्म दाखवून सांगितलं की तो मेंढरांचा रोग वेगळा, त्यात पाण्याची पिशवी दिसते, इथं तसं काहीही नाही. कुत्र्यांचा आणि याचा काही संबंध नाही. मामींनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला. काठी टेकत त्या जिना उतरल्या. खाली आल्यावर म्हणाल्या, "मग भुऱ्याला आनायला पायजे."

आज रविवारी आम्ही गेलो, दत्ताचा टेम्पो घेऊन, मी आणि मामी पुढं बसून. आटपाडीच्या पलीकडं, माळावर तळ होता. तो मेंढपाळ म्हणाला, "कुत्रं कामाचं हाय, पर मन लागंना त्याचं. सांज झाली की वाटंकडं तोंड करून बसतंय." भुऱ्या म्हातारा झालाय, मामा. तोंड पांढरं पडलंय. त्यानं मला हुंगलं, मामींना हुंगलं, मग मामींच्या खांद्यावरच्या तुमच्या घोंगड्यात तोंड घातलं आणि तसाच उभा राहिला. मामी त्याला म्हणाल्या, "चल, तुझा काय गुन्हा न्हाई." टेम्पोत त्याला कुणी उचलून घालावं लागलं नाही.

घरी पोचलो तेव्हा मेंढरं आत घ्यायची वेळ झाली होती. दत्तानं वाघर उचलून धरली. तुमची जागा रिकामी होती, मी तिथं जाऊन उभी राहिले. दोन्ही डोळे उघडे ठेवून. डावा अजून रंग थोडा फिका दाखवतो, पण पाय बघायला रंग लागत नाही. एकेक मेंढरू आत गेलं. शेवटून तिसरी, काळ्या तोंडाची, मागचा उजवा पाय जरा उचलून टाकत होती. मी म्हटलं, "दत्ता, हिला बाजूला घे." त्यानं खूर पाहिला, आत काटा होता. "व्हय की," तो म्हणाला, "मला न्हाई दिसला." दाराशी मामी उभ्या होत्या, त्यांनी फक्त माझ्याकडं बघून मान हलवली.

मग सात वाजायला आले. मी हातात मोबाइल घेतला आणि परत ठेवला. शाळूच्या बांधावरून पार ओढ्यापर्यंत चालत गेले, टाचेला बोट लावत नाही, साधी, माझ्या चालीनं. थोडं अंतर गेल्यावर मागं चार पावलांवर चाहूल लागली. भुऱ्या येत होता, ना पुढं जात होता, ना बरोबरीनं. मी त्याला पुढं बोलावलं नाही.

तुम्हाला सांगायचं राहिलेलं वाक्य डॉक्टरांच्या तोंडून मामींनी ऐकलं, भुऱ्याला मी कानात सांगितलं, आता तुम्हाला सांगते. ते कुत्र्यांमुळं होत नाही, मामा. ते तुमच्या तळावरून आलेलं नाही. माझ्या लहानपणीचे ते उन्हाळे निर्मळ होते, त्यांच्याकडं पुन्हा तशा नजरेनं बघू नका.

आणि हो, चालले. ओढ्यापर्यंत आणि परत. पाय आज नीट आहेत. उद्या बघू.